युरोपातला गार्ड आणि अमेरिकेतले महाविद्यालय : पालकांसाठी काही सूचना

बास्केटबॉलच्या संघातील पाच खेळाडूंपैकी ज्याच्या हाती चेंडू सर्वाधिक काळ राहतो, आणि त्यामुळेच ज्याची प्रत्येक चूक प्रेक्षकांच्या नजरेत सर्वांत आधी भरते, त्या गार्डच्या शिक्षणाचा प्रश्न इतर खेळाडूंच्या शिक्षणाहून निराळा आहे. उंच्यापुऱ्या सेंटरला केवळ त्याच्या उंचीच्या भरवशावर सतराव्या वर्षी एखादे महाविद्यालय आनंदाने पत्करते आणि खेळ मागाहून शिकवू म्हणते. गार्डच्या बाबतीत असा उधारीचा व्यवहार सहसा होत नाही. तो संघाचा कारभारी असतो, आणि दप्तर त्याच्या हवाली करण्यापूर्वी त्याने ते आधी कोठे, किती काळ आणि कोणत्या अडचणीत सांभाळले याची बारकाईने चौकशी केली जाते. म्हणून युरोपातल्या एखाद्या क्लबात वाढणाऱ्या आणि पुढे अमेरिकन महाविद्यालयाकडून खेळण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या मुलाच्या तयारीचा विचार चौदाव्या-पंधराव्या वर्षापासूनच, आणि तोही मैदान व कागदपत्रे या दोन्ही बाजूंनी, करावा लागतो. म्युनिक, आइंडहोव्हन किंवा लंडन येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या ज्या मराठी पालकांची मुले तेथील क्लबांत हा खेळ गंभीरपणे खेळत असतील त्यांना, आणि हा खेळ दुरून पाहणाऱ्या जिज्ञासू वाचकांनाही, पुढील विवेचन उपयोगी पडावे अशी अपेक्षा आहे.

आधी एक उदाहरण घेऊ. कास्पारास याकुच्योनिस हा २९ मे २००६ रोजी लिथुएनियाच्या विल्नियस शहरात जन्मलेला गार्ड. किशोरवयातच घर सोडून तो बार्सिलोना क्लबाच्या युवा विभागात दाखल झाला. तेथे आपल्या वयोगटाच्या संघातून खेळता खेळता क्लबाच्या वरिष्ठ संघातही त्याला अधूनमधून उतरवण्यात आले, आणि २०२४ साली त्याने इलिनॉय विद्यापीठाची निवड केली. २०२४-२५ च्या हंगामात प्रशिक्षक ब्रॅड अंडरवूड यांच्या संघाकडून त्याने प्रत्येक सामन्यामागे सरासरी १५ गुण, ५.७ रिबाउंड आणि ४.७ असिस्ट अशी कामगिरी केली, मध्यंतरी हाताच्या दुखापतीने दोन सामने त्याला बाकावर बसावे लागले, आणि जून २०२५ मध्ये मायामी हीटने त्याला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये विसाव्या क्रमांकावर घेतले. वृत्तपत्रे येथेच थांबतात. परंतु मार्गदर्शनाच्या दृष्टीने या हंगामातला सर्वांत बोलका आकडा निराळाच आहे : त्याच्या टर्नओव्हरची, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या हाती घालवण्याची, सरासरी सामन्यामागे ३.७ इतकी होती. हा आकडा मोठा आहे. एखाद्या सावध प्रशिक्षकाने एवढ्या चुकांनंतर अठरा वर्षांच्या परदेशी मुलाच्या हातून चेंडू काढून घेतला असता आणि त्याला कोपऱ्यात उभा राहून थ्री-पॉइंटर टाकणारा नेमबाज केले असते. अंडरवूड यांनी तसे केले नाही. चुकांसकट चेंडू त्याच्याच हाती राहिला, आणि ज्या गुणासाठी एनबीएने त्याला निवडले तो गुण, म्हणजे पिक-अँड-रोलमधून (सहकाऱ्याच्या आडोशाने केलेल्या चढाईतून) समोरचा बचाव वाचण्याची हातोटी, वापरात राहिला. पालकांनी या सर्व व्यवहारात एकच प्रश्न सतत मनाशी बाळगावा, आणि तो हा : पुढच्या मुक्कामी माझ्या मुलाच्या हाती चेंडू किती राहील, आणि तो चुकला तर तेथे काय होईल?

आता हा गार्ड घडतो कसा ते पाहू. युरोपात खेळाडूचे घर म्हणजे क्लब. शाळेचा संघ तेथे गौण असतो. मोठ्या क्लबांत तर मुलांच्या निवासाची आणि शाळेचीही व्यवस्था असते, जशी बार्सिलोनाच्या मासियात किंवा फ्रान्सच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेत, म्हणजे पॅरिसच्या इन्सेपमध्ये, जेथे टोनी पार्कर शिकला. सामने बेताचे आणि सराव भरपूर, हा या पद्धतीचा साधारण प्रघात आहे. आणि तिचा मोठा लाभ असा की गुणी मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षी आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या, अंगाने भरलेल्या आणि खेळातल्या सगळ्या लबाड्या कोळून प्यायलेल्या माणसांविरुद्ध खेळावे लागते. रिकी रुबिओ २००५ साली होव्हेन्तुत बादालोनाकडून स्पेनच्या अव्वल साखळीत उतरला तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता. असे उदाहरण विरळा; परंतु दुय्यम किंवा तृतीय श्रेणीतल्या प्रौढांच्या साखळीत नियमित खेळण्याची संधी बऱ्याच मुलांना मिळू शकते, आणि माझ्या मते ती नामांकित क्लबाच्या युवा संघातल्या राखीव जागेपेक्षा अधिक मोलाची असते. नावाजलेल्या क्लबाचा सदरा अंगावर असला म्हणजे पालकांची छाती फुगते हे खरे, पण त्या सदऱ्याने बाकावर बसून काही शिकता येत नाही. क्लब निवडताना किंवा दुसऱ्या संघाकडे तात्पुरते पाठवण्याची विनंती करताना पालकांनी एवढेच तपासावे की अटीतटीच्या सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोणाकडे सोपवला जातो.

कौशल्यांविषयी विस्ताराने बोलायला हवे, कारण येथेच बहुतेक मुलांचा वेळ भलत्या ठिकाणी खर्च होतो. पायांमधून आणि पाठीमागून चेंडू फिरवण्याच्या करामती चित्रफितीत सुरेख दिसतात. पण महाविद्यालयाचा प्रशिक्षक आधी पाहतो तो डावा हात. उजव्या हाताचा गार्ड डावीकडे ढकलला गेल्यावर त्याच वेगाने, त्याच उंचीवर मान ठेवून, डाव्या हाताने पास देऊ शकतो की नाही, एवढ्यावर पुष्कळ निर्णय होतात. त्यानंतर पिक-अँड-रोल. सहकाऱ्याने स्क्रीन दिली, म्हणजे पहारेकऱ्याच्या वाटेत आडोसा उभा केला, की बचाव करणारे पाच-सहा प्रकारे वागू शकतात : गार्डचा पहारेकरी स्क्रीनच्या मागून गेला तर जागच्या जागी शॉट घ्यावा, तो स्क्रीनवरून चिकटून आला तर त्याला पाठीवर ठेवून आत शिरावे, त्यांचा उंच खेळाडू बास्केटखाली मागे थांबला तर मधल्या पट्ट्यातून फ्लोटर टाकता यावा, दोघांनी मिळून कोंडी केली तर कोंडी पूर्ण होण्याच्या आत चेंडू सुटलेला असावा, आणि त्यांनी आपसात माणसे बदलली तर मंद पायांच्या उंच खेळाडूला मोकळ्या जागेत ओढून आणावे. हे सारे पाऊण-एक सेकंदात ओळखायचे असते. ही ओळख एकट्याने कोन मांडून केलेल्या सरावाने येत नाही, ती माणसांविरुद्धच येते, आणि तिच्यासाठी चुका करण्याची मुभा लागते. याचसाठी पंधरा ते अठरा या वयातल्या गार्डच्या टर्नओव्हरचा केवळ आकडा पाहून त्याला रागावू नये. चेंडू कसा गेला ते पाहावे. योग्य माणूस हेरून पास उशिरा पोचला असेल तर ती चूक शिकण्याच्या वाटेवरची आहे, आणि माणूस दिसलाच नसेल तर ती निराळी.

शॉटविषयी एक सूचना मात्र आग्रहाने करतो. युरोपातला गार्ड बहुधा ड्रिबल करता करता शॉट घ्यायला लवकर शिकतो, परंतु अमेरिकन संघात त्याच्या जोडीला दुसरा, वयाने मोठा गार्ड असण्याचा संभव फार मोठा आहे, आणि तो चेंडू चालवीत असताना आपल्या मुलाला बाजूला उभे राहून पास आल्या क्षणी अचूक थ्री-पॉइंटर टाकता आला नाही, तर बचाव करणारे त्याला सरळ सोडून देतात. मॉस्कोत जन्मलेला आणि रियाल माद्रिदच्या युवा विभागात घडलेला येगोर द्योमिन ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून २०२४-२५ च्या हंगामात सामन्यामागे ५.५ असिस्ट देऊन गेला. त्याच्या थ्री-पॉइंटरचे यश मात्र शेकडा २७ च्या आसपास राहिले. तरी दोन मीटरहून अधिक उंची आणि विलक्षण पास यांच्या जोरावर ब्रुकलिन नेट्सने त्याला आठव्या क्रमांकावर घेतले. आपल्या मुलाची उंची तेवढी नसेल तर त्याने या उदाहरणातून दिलासा घेऊ नये. बचावाबद्दलही थोडे : अमेरिकन गार्ड पहिल्या पावलात जलद असतात, आणि युरोपीय मुलांविषयी तेथील प्रशिक्षकांची ठरलेली शंका ‘हा समोरच्याला अडवू शकेल का’ हीच असते. आडव्या हालचाली, कंबर खाली ठेवून सरकणे आणि स्क्रीन चुकवणे यांवर आठवड्यातला ठरावीक वेळ राखून ठेवावा.

दोन्हीकडच्या नियमांतले फरकही मुलाला आधीपासून ठाऊक असावेत. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दहा मिनिटांचे चार भाग खेळले जातात, पुरुषांच्या अमेरिकन महाविद्यालयीन सामन्यात वीस मिनिटांचे दोन; स्त्रियांच्या सामन्यात मात्र २०१५-१६ पासून तेथेही चार भागच आहेत. युरोपात आक्रमणाला २४ सेकंद मिळतात, महाविद्यालयीन पुरुष संघांना ३०. चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे नेण्यास युरोपात आठ सेकंद, तेथे दहा. थ्री-पॉइंट रेषा २०१९-२० पासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहे, हा एक दिलासा. रिमला लागून वर उडालेल्या चेंडूला आंतरराष्ट्रीय नियमांत हात लावता येतो, तेथे तो रिमच्या वर असेपर्यंत लावता येत नाही. जादा सहा सेकंदांचा परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही : २४ सेकंदांच्या शिस्तीत वाढलेला गार्ड चेंडू पलीकडे नेताच हालचाल सुरू करतो, तर पुष्कळ अमेरिकन संघांत बाकावरून खूण येईपर्यंत त्याने थांबावे अशी अपेक्षा असते, आणि पहिल्या महिन्यात या एका कारणावरून मुले गोंधळतात, प्रशिक्षक चिडतात.

महाविद्यालयांच्या नजरेत यायचे कसे, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. उन्हाळ्यात फीबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या सोळा, अठरा आणि वीस वर्षांखालील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा होतात. युरोलीगची युवा संघांची स्पर्धा असते. आणि अमेरिकन प्रशिक्षकांचे सहायक या ठिकाणी प्रेक्षागारात हजर असतात. राष्ट्रीय संघात स्थान न मिळालेल्या मुलाने निराश होण्याचे कारण नाही, परंतु मग त्याने स्वतः लिहावे लागते. पत्र त्रोटक असावे : जन्मतारीख, अनवाणी मोजलेली उंची, शाळा संपण्याचे वर्ष, क्लब व साखळीची श्रेणी, क्लबच्या प्रशिक्षकाचा पत्ता, आणि दोन पूर्ण सामन्यांच्या चित्रफिती. निवडक करामतींची संगीत लावलेली फीत कितीही आकर्षक असली तरी अनुभवी सहायक ती अर्ध्या मिनिटात बंद करतो. दोन पूर्ण सामन्यांपैकी एक बलाढ्य प्रतिपक्षाशी हरलेला असावा, असे मी सुचवीन. संघ पंधरा गुणांनी मागे पडला असताना गार्डचे खांदे, त्याची बोलण्याची पद्धत आणि त्याची बचावातली धाव पाहून प्रशिक्षकाला जे कळते ते जिंकलेल्या सामन्यातून कळत नाही. मुलाने लिहिण्यास बंदी नाही. प्रशिक्षकांनी उलट लिहिण्या-बोलण्यास मात्र नियमाने मर्यादा आहे, आणि पुरुष बास्केटबॉलमध्ये ती साधारणतः मुलाची दहावी इयत्ता संपल्यानंतरच्या १५ जूनला उठते. तेव्हा त्यापूर्वी उत्तर आले नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नये.

येथून दप्तराचा भाग सुरू होतो. तो रुक्ष आहे, पण चांगल्या गार्डांच्या वाटा मैदानापेक्षा येथेच अधिक अडतात. अमेरिकन महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था पहिल्या श्रेणीत खेळू इच्छिणाऱ्या मुलाकडून माध्यमिक शाळेतील सोळा ठरावीक विषयांची पूर्तता आणि त्यांत किमान २.३ ची गुणसरासरी मागते. २०२३ पासून प्रमाणित प्रवेशपरीक्षेची सक्ती तिने स्वतः काढून टाकली असली तरी एखादे विद्यापीठ आपल्यापुरती परीक्षा किंवा इंग्रजीची चाचणी मागू शकते. जर्मनीचा आबितुर, स्पेनचा बाचियेरातो, फ्रान्सचा बाकालोरेआ यांची मोजदाद कशी करायची याची देशवार मार्गदर्शिका संस्था प्रसिद्ध करते. नवव्या इयत्तेपासूनचे प्रत्येक गुणपत्रक मूळ भाषेतील प्रतीसह आणि ओळीस ओळ अशा इंग्रजी भाषांतरासह जपून ठेवावे. क्लब बदलल्यामुळे शाळा बदलली असेल तर जुन्या शाळेचा दाखला त्याच आठवड्यात हाती घ्यावा. पंजाबचा सतनाम सिंग अमेरिकेत शिक्षण घेऊनही शैक्षणिक अटींच्या अडचणीमुळे महाविद्यालयीन खेळाच्या वाटेला जाऊ शकला नाही आणि २०१५ साली थेट ड्राफ्टमध्ये उतरला, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. शाळा ठरलेल्या वर्षी संपवणे हेही तितकेच अगत्याचे आहे : ती संपल्यानंतर बास्केटबॉलपटूला महाविद्यालयात रुजू होण्यासाठी साधारण एक वर्षाची मुदत मिळत आली आहे, आणि त्यापुढे संघटित सामने खेळत राहिल्यास महाविद्यालयीन हंगामांतून कपात होत आली आहे. हे नियम अलीकडे वरचेवर बदलत असल्याने चालू वर्षाची अधिकृत पुस्तिका वाचल्याखेरीज, आणि विद्यापीठाच्या नियमपालन विभागाकडून लेखी उत्तर घेतल्याखेरीज, कोणतेही पाऊल टाकू नये.

पैशाचे प्रकरण तर त्याहून नाजूक. तुर्कस्तानचा एनेस कांतेर २०१० साली केंटकी विद्यापीठात दाखल झाला. परंतु फेनेरबाह्चे क्लबाकडून त्याने प्रत्यक्ष खर्चापेक्षा ३३ हजार डॉलरहून अधिक रक्कम घेतल्याचे ठरवून एनसीएएने त्याला कायमचे अपात्र केले, आणि तो महाविद्यालयाकडून एकही सामना खेळू शकला नाही. त्या काळातला सोवळेपणा आता उरलेला नाही. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला, आणि ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या सर्व खेळाडूंत मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटू शकतात. युरोपातले तरुण गार्ड एकाएकी मोठ्या संख्येने तिकडे वळू लागले त्याचे मुख्य कारण हेच आहे, आणि वर्षानुवर्षे ज्यांना घडवले ती मुले हातची जातात म्हणून युरोपीय क्लब करतात ती तक्रार मला तरी अगदीच अनाठायी वाटत नाही. तथापि नियम सैल झाले म्हणजे जुना हिशेब कोणी विचारणारच नाही असे समजू नये. क्लबाशी झालेला प्रत्येक करारनामा, घरभाडे, प्रवासखर्च, जेवणाचा भत्ता, बक्षीस, यांची तारीखवार नोंद आणि पावत्या ठेवाव्यात. करारात मुदत किती, ती आपोआप वाढते काय, मुदतीपूर्वी सुटण्यासाठी किती रक्कम भरावी लागेल आणि ती कोणी भरायची, ही कलमे सही करण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावीत. अल्पवयीन मुलाच्या वतीने आपण केलेली घाईची सही त्याला अठराव्या वर्षी अडवू शकते.

येथे एक गोष्ट परदेशी मुलांपुरती लक्षात ठेवावी. बहुतेक जण विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर जातात, आणि त्या व्हिसावर अमेरिकेत नोकरी किंवा मोबदल्याचे काम करण्यावर कडक निर्बंध आहेत. एनसीएएची परवानगी ही अमेरिकन सरकारची परवानगी नव्हे. म्हणून जाहिरात, स्वाक्षरीसमारंभ, किंवा समाजमाध्यमांवरील मोबदल्याचे काम स्वीकारण्यापूर्वी इमिग्रेशनच्या जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि सहखेळाडूला चालते ते आपल्यालाही चालेल अशा समजुतीवर विसंबू नये. मध्यस्थांबाबत तर एवढेच म्हणतो की कोणालाही बिनशर्त, बिनमुदतीचे मुखत्यारपत्र देऊ नये, आणि एकाच वेळी दोघांशी बोलणी करू नयेत.

महाविद्यालयाची निवड हा या लेखाचा गाभा आहे. मोठे नाव, दहा-पंधरा हजार प्रेक्षकांचे क्रीडागार, चकचकीत व्यायामशाळा यांनी मुलगा दिपणारच. वडीलधाऱ्यांनी दिपू नये. प्रशिक्षकाला विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. पुढच्या वर्षी तुमच्याकडे चेंडू चालवणारे किती असतील? एप्रिलमध्ये तुम्ही आणखी गार्ड आणणार आहात काय? मागच्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाचे गार्ड किती मिनिटे खेळले? यापूर्वी तुम्ही युरोपीय गार्ड वापरला आहे काय, आणि त्याचे पुढे काय झाले? यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण २०२४ पासून खेळाडूला शैक्षणिक अटी पाळून कितीही वेळा एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाता येते आणि त्यासाठी वर्षभर थांबावे लागत नाही, त्यामुळे दर वसंतऋतूत बावीस-तेवीस वर्षांचे तयार गार्ड बाजारात येतात, आणि सप्टेंबरात आपल्या मुलाला दिलेला शब्द एप्रिलमध्ये टिकतोच असे नाही. प्रशिक्षकांचेही तसेच आहे. गोन्झागा विद्यापीठात सहायक असताना युरोपीय खेळाडू शोधण्यात ज्यांनी नाव कमावले ते टॉमी लॉइड २०२१ मध्ये अॅरिझोनाचे मुख्य प्रशिक्षक झाले; माणसावर विश्वास ठेवून निवड करायची तर तो माणूस तेथे किती वर्षे राहील याचाही अंदाज घ्यायला हवा. विद्यापीठ बदलण्याच्या या सोयीत मुलाचा फायदाही असतो. स्वीडनचा गार्ड पेले लार्सन प्रथम यूटा विद्यापीठात गेला, वर्षभराने अॅरिझोनाला आला, तेथे तीन हंगाम पायरीपायरीने वर चढला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ४४व्या क्रमांकावर निवडला गेला. एका वर्षात सर्व काही उरकण्याची घाई प्रत्येकाने करण्याचे कारण नाही.

विद्यापीठाला भेट द्यायला गेलात तर प्रशिक्षकाच्या कार्यालयात बसण्यापेक्षा सराव पाहायला जास्त वेळ मागावा. टर्नओव्हर झाल्यावर प्रशिक्षक खेळाडूला तत्काळ बाहेर काढतो की खेळू देऊन नंतर बोलतो, हे अर्ध्या तासात दिसते. हंगाम नोव्हेंबरच्या आरंभापासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, त्या काळात सक्तीच्या सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा असली तरी प्रवास, अभ्यास आणि व्यायाम धरून दिवस गच्च भरलेला असतो. आणि जूनमध्ये संघाचे उन्हाळी सराव सुरू होतात तेव्हाच युरोपात राष्ट्रीय युवा संघांची शिबिरे असतात. मुलाला देशाकडून खेळायचे असेल तर त्या परवानगीचा उल्लेख आधीच लेखी करून घ्यावा.

अमेरिकेला गेल्याने गार्ड सुधारतोच असे मात्र कोणी गृहीत धरू नये. शारूनास यासिकेविचियस लिथुएनियाहून पेनसिल्वेनियातल्या एका गावच्या शाळेत आला आणि १९९४ ते १९९८ अशी चार वर्षे मेरिलँड विद्यापीठाकडून खेळला. परंतु तेथे त्याला मुख्यतः नेमबाज म्हणून वापरण्यात आले, आणि १९९८ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही घेतले नाही. तो युरोपात परतला, पुढे बार्सिलोनात संघाचा सूत्रधार झाला, चार वेळा युरोलीग जिंकला, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लिथुएनियाने अमेरिकेला ९४-९० असे हरवले तेव्हा २८ गुण त्याचे होते. मेरिलँडने त्याला वाईट वागवले असे म्हणता येणार नाही, पण त्याच्यातला खरा खेळाडू त्यांना दिसला नाही, एवढे निश्चित. टोनी पार्करने उलट मार्ग धरला : २००० साली यूसीएलए आणि जॉर्जिया टेक ही विद्यापीठे त्याच्या मागे होती, पण तो पॅरिसमध्येच राहून प्रौढांच्या संघात खेळला, आणि २००१ मध्ये सॅन अँटोनिओने त्याला २८व्या क्रमांकावर घेतले.

म्हणून अखेरचा निर्णय करताना दोन्ही प्रस्ताव कागदावर शेजारी शेजारी मांडावेत. क्लबाच्या वरिष्ठ संघात चेंडू हाती ठेवून पंधरा-वीस मिनिटे खेळण्याची खात्री असेल, आणि महाविद्यालय मात्र नामांकित असूनही कोपऱ्यातली दहा मिनिटे देऊ करीत असेल, तर मुलाने आणखी एक वर्ष युरोपातच काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र शाळा संपल्याची तारीख आणि तिथून मोजायची मुदत, या दोन्ही गोष्टी त्याच दिवशी पालकांनी लिहून ठेवाव्यात.